एक डिस्क पुरत नाही, बाई!

‘तुमची सून दिवसभर कॉम्प्युटरवर पिक्चर बघत बसते,’ असं आमच्या सिडकोतल्या एका शेजारणीने सासूबाईंना सांगितलं होतं. गोष्ट २००४ सालची. मी तेव्हा सिन्नरच्या एका लग्नाची मिनी डीव्ही कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवत होते. तासाभराची कॅसेट उतरायला बरोब्बर तासच लागायचा. मध्येच भारनियमन झालं की पुन्हा पहिल्यापासून. आमचा ‘पिक्चर’ हा असा!

या कामाला आमच्याकडे मिक्सिंग म्हणतात. शूटिंग दीर करायचे, मिक्सिंग माझ्याकडे. कॉम्प्युटर पतसंस्थेच्या कर्जातून आला होता. वरण शिजतंय तोवर अंतरपाटाचा शॉट कापायचा, असं करत करत हात बसला. पण कामाची शिस्त मात्र मला एका चुकीने शिकवली.

२०११ मध्ये निफाड तालुक्यातलं एक लग्न होतं. नवरीची आजी हळदीच्या जात्यावर बसून ओव्या म्हणत होती. आवाज थकलेला, पण एक शब्द अडत नव्हता. ते सगळं एका हार्ड डिस्कवर ठेवलं आणि दुसऱ्याच दिवशी कार्ड पुसून पुढच्या लग्नाला दिलं. आठवड्याने डिस्कमधून टकटक आवाज यायला लागला, मग ती बंदच पडली. मुंबईच्या एका माणसाने बरेच पैसे घेऊन लग्न परत काढून दिलं, हळद काही निघाली नाही. तोवर आजी गेल्या होत्या. सांगायला मी स्वतः गेले. नवरीच्या आईने चहा ठेवला आणि म्हणाली, ‘‘ताई, लग्न नसतं सापडलं तरी चाललं असतं हो.’’ तो चहा मला गिळवला नाही.

म्हणून मैत्रिणींनो, या धंद्यात येणार असाल तर खर्चाची सुरुवात डिस्कपासून करा. प्रत्येक कामाच्या तीन प्रती हव्यात. दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर, माहेरी ठेवली तरी चालेल. मूळ कार्ड दोन्ही प्रती उघडून, थोडं थोडं चालवून बघितल्याशिवाय पुसायचं नाही. गिऱ्हाइकाने पेनड्राइव्ह नेला की काम संपलं असं समजू नका. मी कच्चा माल सहा महिने सांभाळते आणि ही मुदत आधीच लिहून देते.

जागा किती लागते याचा हिशेब सोपा आहे. शंभर मेगाबिटवर केलेलं फोर के चित्रीकरण तासाला साधारण ४५ जीबी खातं. दोन कॅमेरे सहा-सहा तास चालले की एका लग्नाचे ५४० जीबी झाले. त्यामुळे आज घ्यायचा कॉम्प्युटर ३२ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला आणि काम करण्यापुरता एसएसडीचा असावा. साठवणुकीला साधी, मोठी हार्ड डिस्क स्वस्त पडते. पैसे कमी असतील तर १६ जीबीवर सुरुवात करा आणि प्रॉक्सी वापरा. म्हणजे मूळ चित्राची हलकी प्रत करून तिच्यावर काम करायचं, शेवटची फाइल मूळ चित्रातूनच काढायची. जुनं मशीनसुद्धा मग पळतं. दुसरा मॉनिटर नंतर बघा. आधी कान पूर्ण झाकणारा चांगला हेडफोन घ्या, कारण चित्र जरा हललेलं लोक खपवून घेतात, पण मंगलाष्टकांत खरखर आली की फोन येतोच. आणि यूपीएस विसरू नका. वीज गेल्यावर काम जतन करून मशीन बंद करायला दहा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ झालं.

सॉफ्टवेअरवर मुलं उगाच वाद घालतात. लग्नाच्या मिक्सिंगमध्ये एडियस फार चालतं, प्रीमियर प्रोचं भाडं दर महिन्याला भरावं लागतं, फायनल कट फक्त अ‍ॅपलच्याच मशीनवर चालतं. शिकायला मी डाविंची रिझॉल्व्ह सांगेन. त्याची मोफत आवृत्ती घरगुती कामाला पुरून उरते आणि रंग सुधारायला तर ते उत्तमच आहे. काही कॅमेऱ्यांच्या फाइली मात्र मोफत आवृत्तीत नीट उघडत नाहीत, तेव्हा काम घेण्याआधी एक फाइल मागवून बघा. ‘क्रॅक’ केलेलं सॉफ्टवेअर कुणी फुकट टाकून देत असेल तर हात जोडा. त्याच्याबरोबर व्हायरस आला तर दुसऱ्याचं लग्न जाईल. यूट्यूबवर टाकायच्या व्हिडिओला सिनेमाची गाणी लावू नका, हक्क असलेल्या कंपनीचा दावा येतो. परवान्याचं संगीत मिळतं, ते वापरा.

आता पैशांचं. बाई घरीच बसून करतेय म्हटल्यावर स्टुडिओवाले ‘जमेल तसं द्या घ्या’वर येतात. मीही वर्षानुवर्षं लग्नामागे ठरावीक रक्कम घ्यायची, मग माल तीन तासांचा असो की तेरा. आता चित्रीकरणाचे तास विचारूनच भाव सांगते, निम्मे पैसे आगाऊ घेते आणि दोनदा बदल करून देते. तिसऱ्या वेळेचे वेगळे पैसे. ‘मामांचा शॉट राहिला’ हा फोन तरीही येतो, आणि मामा आहेत म्हटल्यावर तो शॉट घालावाच लागतो! सगळं मोबाइलवर का होईना, लेखी ठेवा. उद्यम नोंदणीही करून घ्या. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका.

नुसत्या लग्नांवर वर्ष निघत नाही. तुळशीच्या लग्नानंतर श्वास घ्यायला फुरसत नसते आणि पावसाळ्यात हात रिकामे. म्हणून मी क्लासवाल्यांची लेक्चर्स कापते, डॉक्टरांचे माहितीपट करते. पिंपळगाव-दिंडोरीकडचे द्राक्षवाले हल्ली छाटणीचे व्हिडिओ करतात, ते काम मला सगळ्यात आवडतं. मालिका-सिनेमाकडे जायचं असेल तर पदवीनंतर पुण्याच्या एफटीआयआयची प्रवेश परीक्षा द्या, संकलनाचा अभ्यासक्रम तिथे आहे. रेणू सलुजा तिथल्याच. ‘परिंदा’, ‘धारावी’, ‘सरदार’, ‘गॉडमदर’ या चार चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. २००० साली त्या गेल्या. घरी मुलीला ‘हे काय बायकांचं काम आहे?’ म्हणत असतील तर हे नाव सांगा.

आणि दुसरं नाव तर आपल्या जिल्ह्याशी नातं असलेलं. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ होत असताना सरस्वतीबाई फाळके रात्री अंधाऱ्या खोलीत बसून कोऱ्या फिल्मला भोकं पाडत होत्या, रसायनं कालवत होत्या, उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत होत्या, वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. दागिनेही त्यांचेच गहाण पडले. फिल्म जोडण्याच्या कामातही त्यांचा हात होता, म्हणून काहीजण त्यांना देशातली पहिली संकलक म्हणतात. मी फाळके स्मारकात कितीदा गेलेय, पण हे मला फार उशिरा कळलं.

ते वाचल्यापासून माझ्या अटींच्या कागदावर एक ओळ वाढली आहे. शेवटच्या पाटीवर ‘संकलन’ म्हणून माझं नाव यायला हवं. एक स्टुडिओवाले हसले. म्हणाले, ‘‘ताई, लग्नाच्या सीडीवर कोण नाव वाचतं?’’ मी म्हटलं, ‘‘दादा, मग घालायला काय हरकत आहे?’’ त्यांनी पहिल्यांदा घातलं तेव्हा पेनड्राइव्ह घरच्या टीव्हीला लावला. सासूबाई चष्मा शोधत राहिल्या आणि पाटी निघून गेली. म्हणाल्या, ‘‘मागे घे गं जरा.’’