तुटपुंज्या बँडविड्थचा वीस वर्षांचा हिशेब

इंटरनेटवर ओळख लपवून वावरू देणारं टॉरचं जाळं ऑक्टोबर २००२ मध्ये सुरू झालं. २००३ च्या अखेरीस त्यात स्वयंसेवकांचे जेमतेम डझनभर रिले, म्हणजे दुसऱ्यांचा डेटा पुढे पोचवणारे संगणक, होते; बहुतेक अमेरिकेत, एक जर्मनीत. आज रिले हजारोंच्या संख्येत आहेत, तरी मूळ अडचण तीच आहे. वापरणाऱ्याची ओळख झाकायची तर त्याचा डेटा एकामागोमाग तीन रिलेंमधून न्यावा लागतो. कुणी एक मेगाबाइटचं पान उघडलं की तो मेगाबाइट तीन वेगवेगळ्या माणसांच्या जोडणीवरून जातो, आणि त्यातला प्रत्येक जण तो एकदा आत घेतो, एकदा बाहेर सोडतो. या वाहतुकीचं भाडं कुणी देत नाही. त्यामुळे हाती आहे तेवढ्या बँडविड्थमध्ये भागवायचं कसं, हा प्रश्न या जाळ्याच्या पाचवीलाच पुजलेला आहे.

सुरुवातीच्या वर्षांत घरून रिले चालवणाऱ्याची कोंडी अपलोडपाशी व्हायची. एडीएसएल जोडणीत डाउनलोड भरपूर आणि अपलोड अगदी थोडं. रिलेला मात्र जेवढं घ्यायचं तेवढंच पुढे पाठवायचं असतं, म्हणून डाउनलोडचा वेग कितीही असला तरी त्याची खरी ताकद अपलोडएवढीच. मर्यादा घातली नाही तर घरातल्यांचं साधं ईमेलही रखडायचं. कधी अपलोड पुरायचं, पण एकाच वेळी उघडलेल्या हजारो जोडण्यांनी घरचा स्वस्तातला राउटर मान टाकायचा.

त्यावर टॉरच्या सेटिंग फाइलमध्ये दोन ओळींची सोय झाली: ‘रिलेबँडविड्थरेट’ आणि ‘रिलेबँडविड्थबर्स्ट’. पहिली सरासरी वेग ठरवते, दुसरी क्षणिक उसळीची कमाल. आत चालतो तो बादलीचा हिशेब. बादली ठरावीक गतीने भरत राहते. कुणी मागितलं नाही तर काठोकाठ भरते, आणि मागणी आली की साठलेलं एकदम देऊन टाकते. मर्यादा दुसऱ्यांच्या वाहतुकीला लागते, रिलेवाल्याच्या स्वतःच्या टॉर वापराला नाही.

भाड्याच्या सर्व्हरवरचं दुखणं वेगळं. तिथे वेग मिळतो, पण महिन्याचा कोटा असतो. समजा, एक टेराबाइट पाठवायची आणि तेवढंच घ्यायची मुभा आहे. तो कोटा तीस दिवस समान वाटला तर सेकंदाला साधारण ३८५ किलोबाइट हाती येतात. तोच रिले १० मेगाबिटच्या वेगाने धावू दिला तर कोटा नऊ-दहा दिवसांत संपतो. काटकसरीची सवय असलेला माणूस पहिला मार्ग धरेल. टॉरच्या मार्गदर्शिकेने मात्र कल दिला दुसऱ्याला. तीन रिलेंच्या साखळीचा वेग सर्वांत मंद कडीवर ठरतो. म्हणून सदैव जागे पण रडतखडत चालणारे रिले असण्यापेक्षा काही काळच जागे राहणारे वेगवान रिले जास्त उपयोगी पडतात.

‘अकाउंटिंगमॅक्स’ ही ओळ नेमकं हेच करते. कोटा संपत आला की रिले नव्या जोडण्या घेणं थांबवतो आणि पूर्ण संपला की झोपतो. पुढच्या महिन्यात मात्र तो एक तारखेलाच उठेल असं नाही. सगळेच एकदम उठले तर महिन्याच्या सुरुवातीला सुकाळ आणि अखेरीस दुष्काळ होईल, म्हणून प्रत्येक रिले उठण्याची वेळ यदृच्छेने निवडतो. अर्थात झोपेची किंमतही मोजावी लागते. वारंवार गायब होणाऱ्या रिलेला ‘स्टेबल’ (भरवशाचा) आणि ‘गार्ड’ (साखळीची पहिली कडी) ही बिरुदं मिळणं अवघड जातं. म्हणून पुष्कळ जण मधला मार्ग काढतात: वेग थोडा आवळायचा आणि झोपेचे दिवस कमी करायचे.

ही कष्टाने वाचवलेली बँडविड्थ जात कुठे होती? डॅमन मॅकॉय आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासाने त्यावर उजेड टाकला. त्यांनी तपासलेल्या बाहेर पडणाऱ्या वाहतुकीत फाइलींची देवाणघेवाण करणाऱ्या बिटटोरंटच्या जोडण्या जेमतेम ३.३ टक्के होत्या, पण सुमारे ४० टक्के बाइट त्यांनीच खाल्ले होते.

दुसरा प्रश्न विश्वासाचा होता. आपली ताकद किती हे रिले स्वतःच सांगायचा आणि जाळं ते खरं मानायचं. मामुली रिले मोठा आकडा सांगून कितीतरी वाहतूक आपल्याकडे ओढू शकतो, हे २००७ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. २००९ पासून बाहेरून मोजमाप सुरू झालं. तेव्हापासून नवा रिले लावला की पहिले काही दिवस त्याच्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. मोजणी होईल तसा त्याचा वाटा वाढतो. ‘सर्व्हर घेतला, पण वाहतूक कुठे आहे?’ या नवख्यांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

ऑगस्ट २०१३ मध्ये वेगळंच संकट आलं. एका बॉटनेटने, म्हणजे मालकांच्या नकळत ताब्यात घेतलेल्या संगणकांच्या टोळीने, टॉरचा आसरा घेतला आणि दहा लाखांच्या आसपास असलेली वापरकर्त्यांची संख्या काही आठवड्यांत पन्नास लाखांवर गेली. या पाहुण्यांनी डेटा फारसा ओढला नाही. पण नवे मार्ग बांधण्याच्या त्यांच्या विनंत्यांचं गणित सोडवतानाच रिलेंचे प्रोसेसर थकले. हातमिळवणीची नवी, हलकी पद्धत असलेली आवृत्ती पसरली तसा भार उतरला.

कोंडीचं एक कारण टॉरच्या रचनेतच दडलं होतं. प्रत्येक मार्गावर पोचपावतीविना एका वेळी ठरावीक हजार पाकिटंच, म्हणजे साधारण अर्धा मेगाबाइट, सोडता येत असे. दूरच्या रिलेंमधून जाणाऱ्याचा वेग त्यामुळे तिथेच अडायचा, वाटेत जागा रिकामी असली तरी. २०२२ च्या ०.४.७ आवृत्तीने ही पाकिटांची मर्यादा लवचीक केली. वाहतूक वाढणार हे उघड होतं, म्हणून डेटाचे पैसे मोजणाऱ्या रिलेवाल्यांना मर्यादा पुन्हा तपासून घ्यायला सांगण्यात आलं. त्या जुन्याच ओळी पुन्हा कामाला आल्या.

आज साध्या रिलेसाठी किमान १० मेगाबिटचा वेग आणि महिन्याला दोन्ही दिशांनी १०० जीबी एवढी अपेक्षा आहे. हे परवडत नसेल तर ब्रिज, म्हणजे जाहीर यादीत नसलेला रिले, चालवता येतो. त्याला १ मेगाबिटही पुरतो. तेवढंही नसेल तर ब्राउझरमध्ये ‘स्नोफ्लेक’ सुरू ठेवता येतो; टॉर अडवलेल्या देशांतले लोक त्याच्यामार्फत टॉरपर्यंत पोचतात. सप्टेंबर २०२२ मध्ये पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या महसा अमिनीच्या मृत्यूनंतर इराणमध्ये निदर्शनं पेटली, सरकारने इंटरनेट आवळलं आणि स्नोफ्लेकचा वापर प्रचंड वाढला. जगभरातल्या घरांतून मिळालेल्या त्या चिमूटभर बँडविड्थमधून येणारी वाहतूक ज्या मध्यवर्ती ब्रिजवर एकत्र होत होती, त्याचीच क्षमता वाढवण्याची धडपड करावी लागली. पुढे त्याच्या जोडीला दुसरा ब्रिज उभा करण्यात आला.