लँड क्रूझरला विजेची जोड : नव्या हायब्रिड गाडीकडून काय अपेक्षा ठेवावी?

जगभरातील वाळवंटे, खाणी आणि डोंगरवाटा यांच्याशी ज्या गाडीचे नाव गेली सात दशके जोडले गेले आहे, त्या टोयोटा लँड क्रूझरच्या '३००' मालिकेला आता विद्युत मोटरीची जोड मिळत आहे. आखाती देश आणि ऑस्ट्रेलिया या तिच्या मोठ्या बाजारपेठांसाठी कंपनीने २०२५ मध्ये हायब्रिड आवृत्तीची घोषणा केली. भारतातील विक्रीची तारीख कंपनीने अद्याप दिलेली नाही. तरीही आखातात नोकरी करणाऱ्या गोमंतकीयांच्या कुटुंबांपासून ते पणजी-मडगावच्या वाहन विक्रेत्यांपर्यंत या गाडीविषयी कुतूहल आहे. 'हायब्रिड' म्हटले की कमी इंधन आणि कमी धूर असे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. या गाडीच्या बाबतीत ते कितपत लागू पडते, हे ती रस्त्यावर येण्यापूर्वीच समजून घेणे हिताचे ठरेल.

फुजी पर्वतापासून सुरुवात

१९५१ मध्ये 'टोयोटा जीप बीजे' या नावाचे एक साधे, उघडे वाहन फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढून गेले. जपानच्या पोलिसांनी त्यानंतर ही गाडी गस्तीसाठी स्वीकारली. १९५४ मध्ये तिला 'लँड क्रूझर' हे नाव मिळाले. पुढील काळात आसने मऊ झाली, वातानुकूलन आले, किंमत वाढत गेली. पण शिडीच्या आकाराच्या पोलादी सांगाड्यावर वरचा सांगाडा बसवण्याची रचना या मालिकेने सोडली नाही. २०२१ मध्ये आलेल्या '३००' मालिकेने जुने आठ सिलिंडरचे इंजिन निवृत्त करून सहा सिलिंडरची टर्बो इंजिने आणली आणि गाडीचे वजन सुमारे २०० किलोने घटवले. भारतात ही गाडी ३.३ लिटरच्या डिझेल इंजिनासह जपानहून तयार स्थितीत आयात होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिची शोरूम किंमत २ कोटी ३१ लाख रुपयांपासून सुरू होत होती.

नवी रचना कशी आहे?

हायब्रिड गाड्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात इंजिन आणि मोटर दोन्ही चाके फिरवतात, बॅटरी लहान असते आणि ती गाडी चालत असतानाच भरते. तारेने चार्ज करण्याची सोय नसते. दुसऱ्या प्रकारात बॅटरी मोठी असते आणि ती घरच्या विजेवरही भरता येते. तिसऱ्या प्रकारात चाके केवळ मोटरी फिरवतात आणि इंजिन फक्त वीजनिर्मितीसाठी असते. चीनमधील बीवायडी कंपनीची यांगवांग यू८ ही तिसऱ्या प्रकारातील गाडी. तिच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर असून आणीबाणीत ती काही काळ पाण्यावर तरंगू शकते.

हायब्रिड लँड क्रूझर पहिल्या प्रकारात मोडते. तिच्यात ३.४ लिटरचे सहा सिलिंडरचे दुहेरी टर्बो पेट्रोल इंजिन आहे. इंजिन आणि दहा गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स यांच्यामध्ये मोटर बसवलेली आहे. दोघांची एकत्रित शक्ती ४५७ अश्वशक्ती, तर टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचे बळ, ७९० न्यूटन मीटर आहे. भारतात मिळणाऱ्या डिझेल गाडीचा टॉर्क ७०० न्यूटन मीटर आहे. ही यंत्रणा सर्वस्वी नवी नाही. टोयोटाच्या टुंड्रा या पिकअपमध्ये आणि सेक्वोया या मोठ्या गाडीत ती अमेरिकेत काही वर्षे वापरात आहे, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये सादर झालेल्या लेक्सस एलएक्स ७०० एच या भावंडातही तीच आहे.

बॅटरीचा आकार येथे लक्षात घेण्याजोगा आहे. तिची क्षमता दोन किलोवॅट तासांहूनही कमी आहे. आपल्या वीजबिलाच्या भाषेत सांगायचे तर दोन युनिटांपेक्षा कमी. सध्याच्या मध्यम आकाराच्या विजेवरच्या गाडीत ४० ते ६० युनिटांची बॅटरी असते. सुमारे अडीच टनांची गाडी एवढ्याशा विजेवर फार दूर जाणार नाही, हे उघड आहे. वाहतूक कोंडीत हळूहळू सरकताना किंवा सपाट रस्त्यावर वेग स्थिर असताना इंजिन थोडा वेळ विसावा घेईल, एवढेच. विजेचे मुख्य काम इंजिनाला हातभार लावणे हे आहे.

आडवाटेवर मोटरीचा उपयोग

पेट्रोलच्या टर्बो इंजिनाचे एक दुखणे आहे. पायाखालची कळ दाबल्यानंतर टर्बोचा पंखा वेग घेईपर्यंत क्षणभर वाट पाहावी लागते. सपाट रस्त्यावर तो क्षण जाणवत नाही. ओल्या दगडांच्या चढावर मात्र तोच क्षण घातक ठरतो : चालक अधीर होऊन कळ जास्त दाबतो, मग बळ एकदम येते, चाक गरकन फिरते आणि गाडी घसरते. विद्युत मोटर शून्य वेगापासूनच आपले पूर्ण बळ देते. म्हणून चढावर गाडी एकेक वीत पुढे सरकवायची असेल तेव्हा ती इंजिनाची उणीव भरून काढते. बोट किंवा जड ट्रेलर ओढताना, वाळूत थांबलेली गाडी पुन्हा हलवतानाही हाच लाभ मिळतो.

उतारावर मोटर जनित्रासारखी काम करते आणि वेग आवरताना वीज साठवते. पण बॅटरी लहान असल्याने या लाभालाही मर्यादा आहे. चोर्ला घाटासारखा लांब उतार असेल तर बॅटरी वाटेतच भरून जाईल. उरलेला घाट नेहमीप्रमाणे खालच्या गिअरवर आणि ब्रेकवरच उतरावा लागेल.

अभियंत्यांनी आणखी एक गोष्ट विचारपूर्वक केली आहे. बहुतेक हायब्रिड गाड्यांत इंजिन सुरू करणारा स्टार्टर आणि वीज पुरवणारा अल्टरनेटर काढून टाकतात, कारण ती कामे मोटर करू शकते. या यंत्रणेत ते दोन्ही भाग कायम ठेवले आहेत. हायब्रिड यंत्रणा बंद पडली तरी गाडी केवळ इंजिनावर घरी परतावी, हा त्यामागचा हेतू. वाळवंटात दोनशे किलोमीटर आत गेलेल्या माणसासाठी हा तपशील कातडी आसनांपेक्षा मोलाचा आहे. शिडीचा सांगाडा, कमी वेगाचे जादा बळ देणारे लो रेंज गिअर आणि चारही चाकांना कायम बळ देणारी रचना हेही तसेच ठेवले आहे.

पाणी आणि वीज

कुळे येथून दूधसागरला जाणाऱ्या जीपमधून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना ओढ्याच्या पाण्यातून गाडी जाताना काय वाटते हे सांगायला नको. त्या साध्या जीपगाड्यांत जपावी अशी वीजयंत्रणा फारच थोडी असते. उच्च दाबाची बॅटरी असलेली गाडी पाण्यात घालायची म्हटली की मनात शंका येणारच. लेक्सस एलएक्स ७०० एच गाडीत याचे उत्तर असे दिले आहे : बॅटरी पाणी न शिरणाऱ्या बंद पेटीत ठेवली आहे आणि आत पाणी आलेच तर संवेदक चालकाला समोरच्या फलकावर इशारा देतो. पाण्यातून जाण्याची कमाल खोली ७०० मिलिमीटर, म्हणजे बिगरहायब्रिड गाडीइतकीच, राखली आहे.

हा आकडा वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तो संथ, स्थिर पाण्यासाठी आणि सावकाश चालवण्यासाठी असतो. पावसाळ्यातील वाहत्या ओढ्याला तो लागू नाही. शिवाय पाण्यातून गेल्यावर सांध्यांतील ग्रीस, गिअरचे तेल आणि वायुवीजन नळ्या तपासून घ्याव्या लागतात. बॅटरीच्या पेटीची रबरी किनार दहा वर्षांनी कशी असेल, याचे उत्तर कुठल्याही जाहिरातपत्रकात नसते. खाऱ्या हवेच्या किनारी प्रदेशात हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा.

इंधन खरोखरच वाचेल का?

येथे अपेक्षा आवरणे भाग आहे. हेच इंजिन आणि हीच यंत्रणा असलेल्या लेक्सस एलएक्स ७०० एच गाडीने अमेरिकी सरकारच्या अधिकृत चाचणीत गॅलनला सरासरी २० मैल, म्हणजे लिटरला सुमारे साडेआठ किलोमीटर अंतर कापले. तिच्या साध्या पेट्रोल आवृत्तीचा आकडा १९ मैल, म्हणजे सुमारे आठ किलोमीटर. फरक लिटरमागे अर्धा किलोमीटरही नाही. महामार्गावर तर तो जवळजवळ पुसलाच जातो. त्याउलट, ऑस्ट्रेलियातील डिझेल लँड क्रूझरचा अधिकृत आकडा १०० किलोमीटरला ८.९ लिटर, म्हणजे लिटरला अकरा किलोमीटरहून थोडा अधिक आहे. दोन्ही देशांच्या चाचण्यांच्या पद्धती वेगळ्या असल्याने ही तुलना काटेकोर नव्हे. पण कल कोणत्या बाजूला आहे, ते स्पष्ट दिसते. डिझेल सोडून पेट्रोल हायब्रिड घेणाऱ्याला ताकद मिळेल; इंधनखर्च घटेलच असे मात्र नाही.

याचा अर्थ तंत्रज्ञान फसवे आहे असा नव्हे. ते बचतीपेक्षा ताकदीसाठी वापरले आहे, एवढेच. त्यामुळे पर्यावरणाच्या नावाने ही गाडी कोणी विकू लागला, तर ग्राहकाने हे आकडे समोर ठेवावेत.

इंजिनाचा पूर्वेतिहास

मे २०२४ मध्ये टोयोटाने अमेरिकेत टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स मिळून सुमारे १ लाख २ हजार गाड्या परत बोलावल्या होत्या. उत्पादनाच्या वेळी धातूचे कण इंजिनात राहून गेल्याने इंजिन बंद पडण्याचा धोका होता. ही इंजिने याच कुटुंबातील होती. हायब्रिड गाड्या त्या आदेशात नव्हत्या. इंजिन थांबले तरी मोटर गाडीला रस्त्याच्या कडेपर्यंत नेऊ शकते, हे त्यामागील कारण. लँड क्रूझरची सारी पुण्याई विश्वासार्हतेवर उभी आहे. म्हणून नव्या गाडीच्या पहिल्या तुकड्या ऑस्ट्रेलियाच्या आणि आखाताच्या उन्हात कशा वागतात, हे पाहून निर्णय घेण्यात शहाणपण आहे.

कराचे गणित

भारतात ही गाडी आली तर किंमत ठरवण्यात कराचा वाटा सर्वांत मोठा असेल. ४० हजार डॉलरहून महाग असलेल्या आयात गाडीवर सीमाशुल्क आणि अधिभार मिळून सुमारे ११० टक्के आकारणी होते. म्हणजे बंदरात १०० रुपयांना उतरलेली गाडी २१० रुपयांची होते. त्यावर जीएसटी लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी मोठ्या एसयूव्हीवर जीएसटी आणि उपकर मिळून ५० टक्के, तर मोठ्या हायब्रिड गाडीवर ४३ टक्के कर होता. आता दोघींवरही सरसकट ४० टक्के आहे. जुन्या दराने २१० रुपयांची डिझेल गाडी ३१५ रुपयांना आणि हायब्रिड ३०० रुपयांना पडली असती. नव्या दराने दोन्ही २९४ रुपयांना. विक्रेत्याचा नफा, नोंदणी आणि रस्ता कर यांचा खर्च याहून वेगळा.

दोघींचेही भाव उतरले; पण हायब्रिडला पूर्वी असलेली १५ रुपयांची आघाडी संपली. पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या गाडीवर मात्र जीएसटी केवळ ५ टक्के आहे. म्हणजे बड्या गाड्यांच्या गटात हायब्रिडला आता सरकारी सवलतीचा आधार नाही. तिला स्वतःच्या गुणांवरच उभे राहावे लागेल.

आणि रस्ता कुठे आहे?

शेवटचा प्रश्न आपल्या भूमीचा. जवळपास पाच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद अशी ही गाडी फोंताइन्हासच्या गल्लीत किंवा दोन्ही बाजूंनी गडगे असलेल्या गावरस्त्यावर समोरून दुसरे वाहन आले की चालकाची परीक्षा पाहील. आडवाटेची हौस भागवायला किनारा आहेच, असे काही पाहुण्यांना वाटते. मोरजी, हणजूण येथे वाळूत रुतलेल्या मोठ्या गाड्यांची छायाचित्रे आपण वर्षातून कितीदा तरी पाहतो. किनाऱ्यावर गाडी नेणे बेकायदा आहे आणि गाडी कितीही समर्थ असली तरी त्यात बदल होत नाही. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग येथील वाळूत कासवे अंडी घालतात. टायर इंजिनाच्या जोरावर फिरला काय किंवा मोटरीच्या, त्याखालच्या वाळूला फरक पडत नाही.

ज्याला खरोखर शेतात, बागायतीत किंवा डोंगरकपारीच्या कामावर रोज जावे लागते, त्याच्यासाठी दोन-तीन कोटींची गाडी हा बहुधा विचाराचाच विषय नसतो. ज्याला ती परवडते, त्याने मात्र खरेदीपूर्वी तीन प्रश्न विक्रेत्याला अवश्य विचारावेत. बॅटरीवर किती वर्षांची हमी आहे आणि पाण्यामुळे झालेला बिघाड त्या हमीत बसतो का? उच्च दाबाच्या वीजयंत्रणेवर काम करणारा प्रशिक्षित कारागीर गोव्यात आहे, की गाडी परराज्यात पाठवावी लागेल? आणि डिझेल आवृत्तीच्या तुलनेत वर्षाचा इंधनखर्च किती, हे तो लेखी देईल का? या तिन्हींची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर वाट पाहिल्याचे सार्थक होईल.