गाडी इथे का थांबते? रेल्वेच्या गावाचा इतिहास वाचताना

रेल्वेमुळे वाढलेल्या एखाद्या छोट्या गावावर प्रबंध लिहायचा तुमचा विचार असेल, तर पहिल्या महिन्यात काय होतं ते सांगतो. स्थानक कधी सुरू झालं, बोगदे किती, पूल किती उंच, याची भरपूर माहिती जमते. वही भरते, पण त्यात गाव कुठेच नसतं. ती झाली रेल्वेची माहिती. गावापर्यंत पोचायला मला एक साधा प्रश्न उपयोगी वाटतो: गाडी इथे का थांबते?

उदाहरणासाठी इगतपुरी घेऊ. आज बाहेरचे लोक हे गाव धम्मगिरीसाठी किंवा पावसाळी सहलीसाठी ओळखतात. रेल्वेच्या दृष्टीने मात्र ते घाटमाथ्यावरचं गाव आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत आली आणि १ जानेवारी १८६५ ला घाट चढून इगतपुरीला पोचली. मधलं अंतर सव्वानऊ मैलांच्या आसपास आणि चढ ९७२ फूट. सर्वांत तीव्र चढ ३७ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. एका इंजिनाला भरलेली गाडी घेऊन हे झेपत नाही. मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात, त्यांना 'बँकर' म्हणतात. ती खाली कसाऱ्याला जोडायची आणि वर इगतपुरीला काढायची.

आता या एका तांत्रिक कारणातून माणसं कशी येतात ते बघा. जादा इंजिनं म्हणजे जादा ड्रायव्हर, फायरमन, खलाशी. इंजिन ठेवायला शेड आलं, म्हणजे फिटर आणि लोहार आले. बाहेरगावच्या ड्रायव्हर-गार्डना झोपायला रनिंग रूम आली. अवेळी ड्यूटी लागली की घरी जाऊन उठवणारा कॉलबॉय आला. या सगळ्यांना राहायला वसाहत लागते, आणि वसाहतीचा नकाशा म्हणजे हुद्द्यांचा तक्ताच असतो: साहेबांचे बंगले एकीकडे, क्वार्टर्स दुसरीकडे, खलाशी-गँगमनच्या खोल्या आणखी लांब. सुरुवातीच्या काळात ड्रायव्हर बहुतेक युरोपियन किंवा अँग्लो-इंडियन असत आणि फावड्याने कोळसा मारणारा हिंदी. म्हणून कोण कुठे राहायचं हे नुसतं वर्णन म्हणून लिहून सोडू नका. पगार, वंश आणि जात तिथे जमिनीवर आखलेली दिसते.

१९३०च्या सुमारास घाटात विजेवरची इंजिनं आली. मालगाडीच्या त्या लांबुळक्या इंजिनाला आपल्याकडे 'खेकडा' हे नाव पडलं. मुंबईकडून इगतपुरीपर्यंत वीज आणि पुढे वाफ, त्यामुळे इगतपुरीला इंजिन बदलणं आलंच. १९६०च्या दशकाच्या अखेरीस पुढच्या मार्गावरही वीज आली, पण ती एसी. मुंबईकडची डीसी. म्हणजे पुन्हा इंजिन बदला! कारण बदललं, थांबा तसाच राहिला. इंजिन बदलेपर्यंत गाडी उभी, आणि तेवढ्या वेळात फलाटावर चहा, वडे, उन्हाळ्यात करवंदं-जांभळं. गाडी थांबली तरच ज्यांचं घर चालतं, अशी माणसं रेल्वेच्या पगारपत्रकात कधीच सापडत नाहीत.

मग तेही कारण गेलं. २०००नंतरच्या दशकात डीसीचं एसी करण्याचं काम टप्प्याटप्प्याने झालं आणि २०१५ मध्ये ते मुंबईच्या टर्मिनसपर्यंत पूर्ण झालं. २०१९ मध्ये नाशिकमार्गे सुरू झालेल्या राजधानीला तर पुढे-मागे दोन्हीकडे इंजिन लावलं, म्हणजे कसाऱ्याला बँकर जोडायलाही थांबायला नको. प्रवाशाचा वेळ वाचला, हे चांगलंच झालं. पण तुमचा संशोधनाचा प्रश्न इथेच उभा राहतो: थांबण्याचं कारण संपलं की थांब्यावर जगणाऱ्यांचं काय होतं?

साधनांबद्दल थोडं. १८८३चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर आधी वाचा. मग मुंबईच्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात सार्वजनिक बांधकाम खात्याचे रेल्वेविषयक खंड बघा. तिथे दोन गोष्टींत गोंधळ होतो. एक, जुन्या इंग्रजी कागदांत इगतपुरी 'एगुतपुरा' असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि थळ घाट 'थूल' होतो. सगळी रूपं शोधा. दोन, रेल्वेच्या भाषेत मुंबईकडे येणारी गाडी 'अप' आणि मुंबईहून जाणारी 'डाउन'. म्हणजे घाट चढणारी गाडी डाउन आणि उतरणारी अप! अपघाताचा अहवाल वाचताना हे डोक्यात नसेल, तर गाडी चढत होती की उतरत होती हेच उलटं लिहिलं जाईल.

आणि हे कागद बहुतेक कंपनीचे आणि सरकारचे. बाईने पाळ्या सांभाळून घर कसं चालवलं, पाणी कुठून आणलं, ८ ते २७ मे १९७४च्या संपात घरात काय शिजलं, हे त्यात नाही. त्या संपात देशभरातल्या रेल्वे वसाहतींत क्वार्टर खाली करायला लावण्याचे प्रकार झाले. तेव्हा नोकरीत असलेली माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत. फायली अजून काही वर्षं टिकतील. ही माणसं तुमच्यासाठी थांबणार नाहीत. म्हणून कामाचा क्रम उलटा करा: आधी मुलाखती, मग दप्तर.

पहिल्या मुलाखतीला जाताना मोठी प्रश्नावली नेऊ नका. "तुमच्या वेळी गाडी इथे किती वेळ थांबायची?" एवढं विचारा आणि ऐकत बसा. कोण गाडीतून उतरायचं, कोण चढायचं, कोण काय विकायचं, कुणाला फलाटावर येऊ देत नसत, हे उत्तरात आपोआप येतं. दुसऱ्या मुलाखतीचे प्रश्न त्यातूनच काढा.