चाळणीचे ११३ किलो जातात कुठे?

चाळणीचं वजन १०० किलो, स्ट्रोक १० मिलिमीटरचा, मिनिटाला ४५० फेरे. तूर-सोयाबीन साफ करणाऱ्या मध्यम यंत्राचे हे आकडे हिशेबाला धरू. स्ट्रोकच्या दोन्ही टोकांना चाळणी थांबवून उलटी वळवायला १,११० न्यूटन, म्हणजे साधारण ११३ किलोचा जोर लागतो. तुरीचे ५० किलोचे दोन कट्टे आणि वर थोडं माप, एवढा भार कुणीतरी सेकंदाला पंधरा वेळा आलटून पालटून चौकटीवर ढकलतंय, असं समजा.

हंगामात आवक वाढली की मिलमधला पहिला उपाय ठरलेला: पुली बदला. ४५० चे ६०० फेरे केले तर वेग एक-तृतीयांशाने वाढतो, पण जोर वेगाच्या वर्गाने चढतो. ११३ चे थेट २०१ किलो. मग फाउंडेशन बोल्टचे चेकनट रोज आवळावे लागतात. त्यात परभणीची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. कापसाला चांगली, फाउंडेशनला नाही.

हा जोर मोटरीने द्यायलाच पाहिजे असं नाही. चाळणी लवचीक पट्ट्यांवर बसवायची आणि पट्ट्यांचा ताठपणा असा निवडायचा की चाळणीची स्वतःची लय मिनिटाला ४५० चीच येईल. १०० किलोला त्यासाठी दर मिलिमीटरला २२२ न्यूटन ताठपणा लागतो. ५ मिलिमीटर वाकल्यावर पट्टी १,११० न्यूटनने परत ढकलते, म्हणजे हवा तेवढाच जोर. हाच अनुनाद. मोटरीकडे फक्त घर्षणाची तूट भरायचं काम उरतं. घर्षणाने हालचाल मंदावण्याचं प्रमाण, म्हणजे अवमंदन, ५ टक्के धरलं तर ती तूट एक-दशांश, १११ न्यूटन. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला हे वरदान आहे, कारण बॉल बेअरिंगवरचा भार निम्मा झाला की आयुष्य आठपट होतं. परभणी जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत सेंट्रिफ्युगलखालून साखर उडवत पुढे नेणारा ग्रासहॉपर अशाच तिरक्या पट्ट्यांवर नाचतो.

गफलत होते ती पुढे. पट्टीचं दुसरं टोक जमिनीला जखडलेलं असतं. चाळणीला ती १,११० न्यूटनने ढकलते तेव्हा जमिनीलाही तेवढ्यानेच ढकलते. म्हणजे अनुनादाने मोटर वाचली, बेअरिंग वाचलं, पण जमिनीच्या खात्यावरचे ११३ किलो तसेच राहिले. विजेचं बिल कमी आलं म्हणजे यंत्र समतोल झालं, असं समजणारे मालक आणि तसं सांगून यंत्र विकणारे विक्रेते, दोघेही पुष्कळ.

जुना इलाज म्हणजे शाफ्टवर उलट बाजूला वजन बसवणं. पण चाळणी सरळ रेषेत जाते आणि वजन गोल फिरतं. पूर्ण वजन लावलं तर आडवे ११३ किलो नाहीसे होतात आणि तेवढेच उभे उगवतात. म्हणून मिस्त्री निम्मंच लावतो: ५६ आडवे, ५६ उभे. ही तडजोड झाली, समतोल नव्हे. खरा इलाज दातेरी चाकांनी जोडलेल्या आणि एकमेकांविरुद्ध फिरणाऱ्या दोन शाफ्टांचा. वजन दोघांत अर्धं-अर्धं वाटायचं. आडवे जोर एकत्र येऊन चाळणीचा जोर खोडतात, उभे आपसातच संपतात. मात्र दोन्ही जोर एकाच रेघेवर हवेत. रेघ ५ सेंटिमीटरने चुकली तरी ५५ न्यूटन-मीटरची पिळवट उरते आणि चाळणी डोलायला लागते.

दुसरी वाट दोन चाळण्यांची: वरची पुढे तेव्हा खालची मागे, पट्ट्या दोघींच्या मध्ये. बेरीज शून्य येते खरी. पण दोघींत ४० सेंटिमीटरचं अंतर असेल तर ४४४ न्यूटन-मीटरची पिळवट शिल्लक राहते आणि चौकट पुढच्या-मागच्या पायांवर आळीपाळीने वजन टाकत राहते. माहितीपत्रकात ‘पूर्ण समतोल’ छापलेलं असलं तरी ही पिळवट विचारून घ्यावी.

धान्यही हिशेब बिघडवतं. बरोबर लयीवर बसवलेल्या यंत्रात १० किलो धान्य चाळणीबरोबर हलू लागलं तर लय ४५० वरून ४२९ वर उतरते आणि मोटरीच्या जोराला अनुनादाने मिळणारी दहापट वाढ सातपटीच्या आत येते. कनेक्टिंग रॉडची जोडणी लवचीक असलेल्या यंत्रात स्ट्रोक लगेच आखडतो. जाणकार म्हणूनच रिकाम्या यंत्राची लय मुद्दाम वर ठेवतात आणि यंत्र तिच्या ९० टक्के वेगावर चालवतात. रिकामं असताना वाढ ४.८ पट, १० टक्के वजन चढलं की ६.९ पट. धान्याचं घर्षण जे खातं, ते असं परत मिळतं. चाळणी मंदावली की दोष विजेवर ढकलतात, पण ‘लाइट डाऊन आहे म्हणून चाळणी मरगळली’ ही तक्रार बहुतेकदा खोटी. व्होल्टेज १५ टक्के पडलं तरी १,४४० ची मोटर १,४१७ च्या आसपास फिरते. आधी पट्टा ढिला आहे का ते बघावं. परभणीच्या कृषी विद्यापीठातली कृषी अभियांत्रिकीची मुलं समतोलाचं हे गणित ‘थिअरी ऑफ मशीन्स’मध्ये सोडवतात. शेडमधल्या फिटरला ते कानाने येतं.

अलीकडे दातेरी चाकं टाळून दोन व्हायब्रेटर मोटरीच लावतात. प्रत्येकीवर २ किलोचं वजन, मध्यापासून ३ सेंटिमीटरवर, १,४४० फेरे: दोघींचा मिळून २७८ किलोचा जोर. मध्ये काहीही जोडलेलं नसताना त्या ताल धरतात. डच शास्त्रज्ञ ह्युजेन्सने १६६५ मध्ये आजारपणात अंथरुणात पडल्या-पडल्या एकाच तुळईवर टांगलेली दोन लंबकाची घड्याळं अशीच जुळताना पाहिली होती, आणि फिरत्या वजनांचं गणित लेनिनग्राडच्या इल्या ब्लेखमनने १९५० च्या दशकात मांडलं. इथे जमीन वाचवतात त्या मऊ स्प्रिंगा. यंत्राच्या वजनाने २५ मिलिमीटर दबणारी स्प्रिंग २७८ किलोंपैकी जेमतेम ५ किलो खाली सोडते.

ताल जमला का, हे पाहायला फिटर चाळणीच्या बाजूला कागद चिकटवतो आणि पेन्सिल हलकेच टेकवतो. अडीच मिलिमीटरची तिरकी, बारीक रेघ उमटली तर ठीक. अंड्यासारखा आकार उमटला तर दोन्ही मोटरी एकाच दिशेने फिरतायत. एकीच्या तीनपैकी दोन वायरी अदलाबदल केल्या की काम झालं. मग तो यंत्र बंद करतो, पण हात लगेच लावत नाही. फेरे उतरत १९० च्या आसपास आले की स्प्रिंगांची स्वतःची लय गाठली जाते आणि इतका वेळ शांत असलेली चाळणी दोन-तीन सेकंद जोरजोरात उसळते.