बांधालगतच्या रस्त्याचा कागद

सातबारा आपण जिवापाड जपतो. पेटीच्या तळाशी, लग्नातल्या शालूखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तो ठेवलेला असतो. कर्ज असो, पीकविमा असो, वाटणी असो, तो लागतोच. म्हणून घरातल्या कारभारणीलाही त्याची जागा पक्की ठाऊक असते. पण ज्या रस्त्याने आपली बैलगाडी किंवा ट्रॅक्टर शेतात जातो, ज्या मोरीतून आपल्या शिवाराचे पाणी ओढ्याला मिळते, त्या रस्त्याचा आणि त्या मोरीचा कागद कुठे आहे, असे विचारले तर पारावरची निम्मी मंडळी हसून म्हणतील, "रस्त्याला कसला आलाय कागद!"

कागद असतो. सरकारी पैशातून झालेल्या प्रत्येक डांबरी रस्त्याला, प्रत्येक पुलाला आणि साध्या नळकांडी मोरीलासुद्धा नकाशा असतो, अंदाजपत्रक असते, मोजमाप पुस्तक असते. काम संपले की हे सारे बांधून दप्तरात जाते. पूर्वी ते लाल कापडाच्या रुमालात बांधत. निळ्या रंगाच्या त्या जुन्या प्रती, ज्यांना कचेरीत 'फेरो' म्हणत, आजही काही उपविभागांत घडीवर घडी घालून पडलेल्या दिसतात. बऱ्याच जणांना ती रद्दी वाटते. माझ्या नोकरीत मी बांधबंदिस्ती, नालाबंडिंग आणि पाणलोटाची कामे पुष्कळ पाहिली. त्यामुळे सांगतो, त्या रद्दीत तुमच्या शेताचे भले दडलेले असू शकते.

एका गावची हकीकत सांगतो. गावाचे नाव घेत नाही, कारण अशी गावे बरीच आहेत. रस्त्याच्या वरच्या अंगाला काळ्या रानात दरवर्षी तूर पिवळी पडायची. पाऊस उघडून चार दिवस झाले तरी वाफशाचा पत्ता नसायचा. कोणी म्हणे रोग, कोणी म्हणे बियाणे खराब. मी मुळे उपटून पाहिली, तर ती पाण्याने गुदमरून कुजलेली. रस्ता दोनदा उंच झाला होता आणि मोरीत एकच नळी दिसत होती. गावातल्या एका निवृत्त मास्तरांनी चिकाटीने मूळ कामाचा नकाशा मिळवला. त्यात त्या जागी दोन नळ्या दाखवल्या होत्या! दुसरी कुठे गेली? नकाशातली अंतरे धरून खोदले, तेव्हा मुरूम आणि गाळाखाली ती सापडली, अगदी धड. पुढच्या दुरुस्तीत भराव काढताना तिचे तोंड मोकळे झाले. नवी मोरी मागायला गेले असते, तर मंजुरीत वर्षे गेली असती.

आता तुम्ही म्हणाल, एका नळीने असे काय बिघडते? थोडा हिशोब करू. हा हिशोब आमच्या मृदसंधारणाच्या कामात रोजचा आहे आणि पाचवी-सहावीतल्या मुलालाही जमतो. समजा, मोरीकडे वाहून येणारे रान ४० हेक्टर आहे. तासाभरात ६० मिलिमीटरचा एक मोठा सडाका आला आणि त्यातले निम्मे पाणी जमिनीत मुरले. उरलेले निम्मे, म्हणजे १२ हजार घनमीटर पाणी त्या तासात मोरीच्या तोंडाशी येणार. तासाचे सेकंद ३,६००. म्हणजे दर सेकंदाला सुमारे ३,३०० लिटर. आता ९०० मिलिमीटर व्यासाची एक नळी घ्या. पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने धावले, तरी तिच्यातून सुमारे १,२७० लिटरच पास होणार. दोन नळ्यांनीही भागत नाही, तीन लागतात. एकच नळी असेल, तर उरलेले पाणी कुठे थांबणार? तुमच्या तुरीत.

मोठ्या नाल्या-नद्यांसाठी इंजिनियर मंडळींची वेगळी सूत्रे आहेत. आपल्याकडच्या पुलांच्या आराखड्यात इंग्लिस यांचे सूत्र बरेच वापरलेले आढळेल. मुंबई इलाख्यात पाटबंधाऱ्यांचे काम केलेल्या या इंजिनियरांनी इथल्याच नद्यांच्या पुरांवरून ते बसवले. त्या सूत्राने घाटाच्या बाजूच्या १० चौरस किलोमीटर पाणलोटाचा पूर सेकंदाला सुमारे २७५ घनमीटर येतो. पावसाळ्याचे चार दिवस सोडले, तर कोरडा दिसणारा ओढा एखाद्या रात्री काय करू शकतो, त्याचा हा अंदाज. म्हणून ओढ्यावरचा पूल 'एवढा मोठा कशाला' असे वाटले, तरी त्याचा गाळा बुजवून तिथे उकिरडा करू नये.

पुलाचा नकाशा पाहायला इंजिनियर व्हावे लागत नाही. पहिल्याने कोपऱ्यातला तक्ता पाहा. कामाचे नाव, रस्त्याचा क्रमांक, किलोमीटर आणि प्रमाण तिथे लिहिलेले असते. किलोमीटरचा आकडा '३/२००' असा असेल, तर तीन किलोमीटर दोनशे मीटरवर काम आहे, असे समजायचे. मग तीन गोष्टी शोधा. गाळे किती आणि केवढे? महापुराची पातळी कोणती धरली आहे? आणि पाया तळापासून किती खोल नेला आहे? बाकीचे आकडे लोखंडाचे आणि काँक्रीटचे असतात. ते त्यांचे त्यांना पाहू द्या.

पायाचा आकडा मात्र सोडू नका. वाहते पाणी पायाच्या अंगची माती-वाळू उकरून नेते. शेतात जिला आपण धूप म्हणतो, तीच ही धूप, फक्त खांबाच्या बुडाशी. त्यात नदीतून वाळूचा बेसुमार उपसा झाला, की तळ आपोआप खाली जातो आणि पाया उघडा पडतो. हे ओळखायची गावठी रीत अशी: कडक उन्हाळ्यात, नदी आटलेली असताना, पुलाच्या कठड्याजवळून दगड बांधलेली दोरी खाली सोडा आणि मापा. नकाशात रस्त्यापासून तळापर्यंत सहा मीटर दाखवले असतील आणि तुमची दोरी आठ मीटर उतरली, तर दोन मीटर तळ गेला. असा आकडा हातात आला, की तोंडी तक्रारीपेक्षा लेखी अर्जाला वजन येते.

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र कोकणातल्या मंडळींना आठवत असेल. महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल पुरात कोसळला. तो १९२८ सालचा होता. दोन एस.टी. गाड्या माणसांसह वाहून गेल्या. नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला, पण गेलेली माणसे गेली. त्यानंतर गावोगाव एक गोष्ट रंगवून सांगितली जाऊ लागली, की इंग्रजांनी बांधलेल्या पुलांची मुदत संपली की विलायतेहून पत्र येते. असल्या पत्राच्या भरवशावर बसण्यात अर्थ नाही. पुलाची दुरुस्ती कधी झाली, पाण्याखालची तपासणी कधी झाली, याच्या नोंदी इथल्याच कचेरीत असायला हव्यात आणि त्या मागायचा हक्क आपल्याला आहे.

मावळात कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी पडला. चौघे दगावले. नदीपलीकडच्या वस्तीला आणि शेतकऱ्यांना ये-जा करता यावी, म्हणून बांधलेला तो अरुंद पूल रविवारच्या पर्यटकांच्या गर्दीखाली गेला. पूल कोणत्या भारासाठी बांधला, हेसुद्धा नकाशातच लिहिलेले असते. तुमच्या ओढ्यावरचा पूल बैलगाडीसाठी झाला असेल आणि आज त्यावरून भरलेले उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन जात असतील, तर ग्रामसभेत तो विषय काढावा. मुळी ऊस पेटायच्या आधीच काढावा. हंगामात कोणाला ऐकायला सवड नसते.

याउलट सांगलीचा आयर्विन पूल पाहा. १९२९ सालचा. त्याच्यावर पाण्याची पातळी मोजायची पट्टी आहे. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे कृष्णाकाठच्या पोरासोरांनाही पाठ असते. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले. एका पुलावरच्या साध्या आकड्यांनी गोठ्यातली जनावरे केव्हा हलवायची, ते कळते. आपल्या ओढ्याच्या पुलावरही असा रंगाचा पट्टा मारायला ग्रामपंचायतीला कितीसा खर्च येणार आहे?

आता शेतरस्त्याकडे वळू, कारण खरी भांडणे तिथे होतात. डांबरी रस्त्याचा नकाशा बांधकाम खात्यात मिळेल, पण पाणंदीचा मिळायचा नाही. त्यासाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जावे लागते. १८३६ साली इंदापूर तालुक्यातून मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीची सुरुवात झाली. तेव्हापासूनची गावनकाशांची परंपरा आपल्याकडे आहे. ही मोजणी ३३ फुटी साखळीने होई आणि साखळीचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. हे गणित डोक्यात ठेवले, तर रस्त्यांच्या रुंदीचे विचित्र आकडे उलगडतात. गावनकाशात तुटक दुहेरी रेघ असेल, तर तो गाडीमार्ग. रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. साडेसोळा म्हणजे अर्धी साखळी. एकच तुटक रेघ असेल, तर पायवाट. रुंदी सव्वाआठ फूट, म्हणजे चार आणे. शेजाऱ्याने नांगर थोडा-थोडा सरकवत पाणंद सहा फुटांवर आणली असेल, तर भांडण करण्याआधी ही रेघ बघून यावी. कुऱ्हाड घरीच ठेवावी.

वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. "पाव्हणा आहे, समजावून बघू" म्हणत दोन हंगाम घालवणारे पुष्कळ पाहिले. सहा महिने उलटले, की ती वाट बंद होते. नकाशावर रस्ताच नसेल आणि शेतात जायला वाट हवी असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ आहे. त्यात तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतात. निकाल लागला, की त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात करून घ्यायला विसरू नका, नाहीतर पुढची पिढी पुन्हा तिथेच उभी राहील.

ज्यांची जमीन रस्त्यात गेली, त्यांचे दुखणे निराळे. संयुक्त मोजणी झाली का, निवाडा झाला का, कमी-जास्त पत्रक होऊन सातबाऱ्याचे क्षेत्र कमी झाले का, हे तीन कागद पाहिल्याशिवाय मोबदल्याचे बोलणे पुढे सरकत नाही. हिमाचल प्रदेशातल्या हमीरपूर जिल्ह्यात एका निरक्षर विधवेची ३.३४ हेक्टर जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी रीतसर संपादन न करताच घेतली होती. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला मोबदला देण्याचा हुकूम केला. सरकारने कितीही वर्षे जमीन वापरली तरी ताब्याने ती त्याची होत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. तेव्हा ती बाई ऐंशीच्या घरात होती. पन्नास वर्षे! आपल्याकडे तर संमतीपत्रावर अंगठा उठवून घेतात आणि त्याची प्रत घरात कोणी ठेवत नाही. त्याची प्रत मागा. सही करणाऱ्याचा तो हक्कच आहे.

कागद कोणाकडे मागायचा, हे रस्त्याच्या जातीवर ठरते. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतल्या रस्त्यांची यंत्रणा वेगळी आहे. त्या रस्त्याच्या तोंडाशी फलक असतो, त्यावर ठेकेदाराचे नाव आणि देखभालीची पाच वर्षांची मुदत लिहिलेली असते. फलक गंजायच्या आत त्याचा फोटो काढून ठेवा.

आधी साध्या अर्जाने मागून पाहा. पुष्कळदा शाखा अभियंता भला माणूस निघतो आणि कपाट उघडून दाखवतो. नाहीच जमले, तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली १० रुपयांचा न्यायालयीन मुद्रांक लावून अर्ज करावा. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. 'रस्त्याची सर्व माहिती द्या' असे मोघम लिहू नये. रस्त्याचे नाव, किलोमीटर, कामाचे साल आणि हवा असलेला कागद, म्हणजे मंजूर नकाशा, प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणे नकाशा किंवा मोजमाप पुस्तकाची पाने, असे नेमके लिहावे. याच कायद्याने दप्तर समक्ष पाहण्याची मुभा आहे, ती जरूर घ्या. मोठा नकाशा झेरॉक्सच्या कागदावर मावत नाही, आकडे पुसट येतात.

जायचेच असेल, तर मार्च संपल्यानंतर आणि मृगाच्या आधी जा. मार्चअखेरीस कचेरीत बिलांची गर्दी असते आणि मृगानंतर तुम्हाला सवड नसते. सोबत गावातला एखादा शिकलेला मुलगा किंवा मुलगी न्या, आपला गट नंबर आणि मोरीची जागा चिठ्ठीवर लिहून न्या. परत आल्यावर मोरीशी उभे राहून टेप लावा, तोंड किती फूट उघडे आहे ते मोजा आणि तो आकडा तारखेसह नकाशाच्या प्रतीवरच लिहून, सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवून द्या.