शिट्टी वाजली, पण हंगाम संपला नाही

वाराणसी म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? गंगेचे घाट, संध्याकाळची आरती, कचोरी-जिलेबी, बनारसी शालू. फुटबॉल काही पटकन आठवत नाही. पण २०२३ मध्ये या शहराच्या नावाने एक व्यावसायिक फुटबॉल क्लब सुरू झाला, इंटर काशी. त्याच्या २०२४-२५ च्या हंगामाची गोष्ट घरातल्या लहान-मोठ्या सगळ्यांनी वाचावी अशी आहे.

नाव काशीचं, मैदान बंगालचं

इंटर काशी आय-लीगमध्ये खेळत होता. या स्पर्धेतल्या विजेत्याला देशातल्या सर्वात वरच्या लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये जागा मिळते. अडचण अशी की क्लबचे 'घरचे' सामने काशीत होतच नव्हते. ते होत पश्चिम बंगालमधल्या कल्याणीत, वाराणसीपासून सहाशे किलोमीटरहून लांब. घरच्या मैदानावर आपल्या माणसांचा आवाज संघाला बळ देतो. इथे ते बळच नव्हतं. प्रशिक्षक मात्र अनुभवी होते. कोलकात्याच्या एटीके संघाला आयएसएल जिंकून देणारे स्पेनचे अँटोनियो हबास.

एका सामन्याचे तीन गुण

१३ जानेवारी २०२५ रोजी पंजाबच्या नामधारी संघाने इंटर काशीला २-० ने हरवलं. पण नामधारीचा एक खेळाडू चार पिवळ्या कार्डांमुळे त्या सामन्यासाठी निलंबित असायला हवा होता, अशी तक्रार काशीने केली. फुटबॉलमध्ये पिवळं कार्ड म्हणजे ताकीद. ठरावीक ताकिदी साठल्या की एक सामना बाहेर बसावं लागतं. शिस्तपालन समितीने तक्रार मान्य करून काशीला ३-० असा विजय दिला. नामधारीने अपील केलं आणि तो निर्णय फिरला.

एप्रिलमध्ये बावीस सामने संपले तेव्हा गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचे ४० गुण होते आणि काशीचे ३९. ते तीन गुण धरले तर काशी ४२ वर जाणार होता. म्हणजे संपूर्ण हंगामाचा निकाल एका कागदावर अडकला! महासंघाने चर्चिलला विजेता जाहीर केलं.

दाद मागितली लोझानला

काशीने स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरातल्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे धाव घेतली. आणखी एक वाद होताच. काशीने एका परदेशी खेळाडूची हंगामात पुन्हा केलेली नोंदणी नियमात बसते का? जूनमध्ये नामधारी सामन्याचे गुण काशीला मिळाले. १८ जुलै २०२५ रोजी नोंदणीचा निकालही काशीच्या बाजूने लागला आणि इंटर काशी आय-लीग विजेता ठरला. शेवटच्या सामन्यानंतर तीन महिन्यांहून अधिक काळाने!

यात गोव्याकडेही पाहायला हवं. चर्चिल ब्रदर्सने याआधी २००८-०९ आणि २०१२-१३ मध्ये आय-लीग जिंकली आहे. त्यांचे खेळाडूही वर्षभर घाम गाळत होते. हातात आलेलं विजेतेपद त्यांना मैदानावर नव्हे, निकालपत्रात गमवावं लागलं. नियम वेळेवर आणि स्पष्टपणे लावले गेले नाहीत, की त्याची किंमत दोन्ही बाजूंचे खेळाडू मोजतात.

काशीचा आनंदही निर्भेळ नव्हता. निकालाच्या आठवडाभर आधीच, हक्कांच्या करारावरून आयएसएलचा पुढचा हंगाम थांबवला गेला होता. ज्या दारासाठी एवढी धडपड केली, तेच बंद! अखेर फेब्रुवारी २०२६ मध्ये ती लीग सुरू झाली.

तुमच्या घरात कुणी शाळेच्या किंवा गल्लीतल्या संघात खेळत असेल, तर त्याला ही गोष्ट जरूर सांगा. अन्याय झाला असं वाटलं तर मैदानावर हुज्जत घालायची नाही. नियम वाचायचा, वेळेत लेखी तक्रार करायची आणि निकाल येईपर्यंत पुढचा प्रत्येक सामना मन लावून खेळायचा. काशीने तक्रारीवर विसंबून उरलेले सामने सोडून दिले असते, तर ते तीन गुण मिळूनही काही उपयोग झाला नसता.