पिवळ्या पायांची कोंबडी

बंगळूरमधील एचएसआर लेआउटसारख्या दाट वस्तीत वाढणाऱ्या मुलाला रानकोंबडी सहसा दिसत नाही. तरीही बाजारातील कोंबडीचे पाय पिवळे असतील, तर रानकोंबडीच्या वंशाची एक खूण त्याच्या समोरच असते. ती कशी, हे पाहू.

तितर, लावा, मोर, रानकोंबडी या शिकारीच्या पक्ष्यांचे शरीर, इतर प्राण्यांप्रमाणेच, प्रथिनांनी घडलेले असते. अॅमिनो आम्लांची साखळी म्हणजे प्रथिन. साखळीतील क्रम जनुक ठरवते. जनुकात बदल झाला, की एखादे अॅमिनो आम्ल बदलू शकते आणि काही वेळा प्रथिनावरील विद्युत्-भारही बदलतो. १९५५ मध्ये ऑलिव्हर स्मिथीज यांनी पिष्टाच्या लगद्यातून वीजप्रवाह सोडून प्रथिने वेगळी करण्याची रीत शोधली. भिन्न भाराची प्रथिने भिन्न वेगाने सरकतात व त्यांचे निरनिराळे पट्टे उमटतात. या रीतीने अंड्यातील पांढरा बलक तपासता, एकाच जातीच्या दोन पक्ष्यांतही भेद आढळले.

परंतु भेद नेहमी प्रथिनाच्या घडणीतच असतो असे नाही. ते शरीरात कोठे तयार व्हावे, या आज्ञेतही तो असू शकतो. कोंबडीला मक्यासारख्या खाद्यातून कॅरोटिनॉइड ही पिवळी रंगद्रव्ये मिळतात. एक एंझाइम त्वचेतील ही द्रव्ये तोडून टाकते. म्हणून त्वचा पांढरी राहते. काही कोंबड्यांत मात्र त्वचेपुरती या एंझाइमाची निर्मिती मंदावलेली असते. मग रंग साठतो आणि पाय व त्वचा पिवळी होते. यकृतात तेच एंझाइम पूर्ववत तयार होत असते. हा गुण अप्रभावी आहे. तो प्रकट होण्यास माता व पिता या दोघांकडूनही तो यावा लागतो.

हा गुण आला कोठून? पाळीव कोंबडीचा पूर्वज केवळ तांबडी रानकोंबडी होय, असे डार्विनने १८६८ मध्ये प्रतिपादिले होते. परंतु २००८ मध्ये स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील लाइफ अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की पिवळ्या त्वचेचे जनुक बहुधा करड्या रानकोंबडीकडून आले आहे. तांबडी रानकोंबडी हीच मुख्य पूर्वज असली, तरी एकमेव नव्हे.

ही करडी रानकोंबडी भारताचीच रहिवासी आहे. सह्याद्रीच्या अरण्यांत व दक्षिणेतील टेकड्यांत तिचा वास आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिच्या शिकारीस बंदी आहे. परंतु रान तुटले, तर बंदीचा उपयोग तो काय? रानातील पक्ष्यांत असे आणखी किती भेद दडलेले असतील! त्यांपैकी एकाने जगभरच्या कोंबड्यांचा रंग बदलला. जो भेद ओळखण्यापूर्वीच नष्ट झाला, तो कोणत्याही प्रयोगशाळेस परत मिळविता येणार नाही.